घुंऽऽ आवाज, अर्थिंगची पिन आणि घरात काढलेला एक ईसीजी



एरवी मी तुमच्याशी रक्तदाब, मधुमेह, थायरॉईड अशा विषयांवर बोलतो. आज विषय आहे घरातलं वायरिंग. "डॉक्टर, तुमचा वायरिंगशी काय संबंध?" असं तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो माझ्या स्वतःच्या चुकीतून आलेला आहे. ती चूक सांगायला थोडी लाज वाटते. पण तीच चूक अनेक घरांत चालू असेल अशी मला खात्री आहे, म्हणून लिहितो आहे.

आम्ही मिरजेचे. इथे तंतुवाद्यं बनवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, उस्ताद अब्दुल करीम खाँ इथे राहिले, त्यामुळे गाणं ऐकण्याचं वेड घरोघरी. माझ्या वडिलांनाही ते होतं. त्यांनी जमवलेल्या सुमारे दोनशे रेकॉर्ड्स माझ्याकडे आहेत. मुलं शिक्षणासाठी बाहेर गेली, वरच्या मजल्यावरची खोली रिकामी झाली आणि मी ठरवलं, इथे फक्त गाणं ऐकायचं. स्पीकर कोणते घ्यावेत यावर मी सहा महिने वाचत होतो. खोलीला पडदे, गालिचा, भिंतीला लाकडी फळ्या, सगळं झालं. वायरिंगचा विचार किती वेळ केला? पाच मिनिटं. खोलीत समोरासमोरच्या भिंतींवर दोन बोर्ड होते. म्हटलं, पुरे आहेत.

घुंऽऽ

पहिली रेकॉर्ड लावली आणि गाणं सुरू होण्याआधीच स्पीकरमधून बारीक, सलग आवाज यायला लागला. घुंऽऽ. तानपुऱ्याच्या खर्जाच्याही खालचा हा स्वर, आणि त्याला गायकाच्या षड्जाशी काही देणंघेणं नाही.

हा स्वर मी ओळखत होतो. कानाने नाही, डोळ्यांनी. आपल्याकडची घरातली वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते. ईसीजी काढताना अर्थिंग नीट नसेल, एखादी वायर सैल असेल किंवा शेजारी काही विजेचं उपकरण चालू असेल, तर कागदावरची रेघ करवतीसारखी दातेरी होते. मोठ्या एका चौकोनात बरोबर दहा दाते. ते हृदयाचे नसतात, महावितरणच्या विजेचे असतात.

असं का होतं? छातीवरून मिळणारा हृदयाचा विद्युत संदेश साधारण एक मिलिव्होल्टचा असतो, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून येणारा संदेशही जेमतेम काही मिलिव्होल्टचा. दोन्ही खूप मोठे करून दाखवावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर आत शिरलेली घरातली वीजही मोठी होते.

ईसीजीत असे दाते दिसले की गेली तीस वर्षं मी काय करतो? आधी अर्थिंग तपासायला सांगतो. आणि घरी काय केलं? ऐका.

हौशी मंडळींपैकी एका मित्राला फोन केला. तो म्हणाला, "सोपं आहे. अँप्लिफायरच्या प्लगमधली अर्थची वायर काढून टाक." मी प्लग उघडला, वरच्या जाड पिनेची हिरवी वायर स्क्रू सैल करून काढली, तिला टेप गुंडाळली. आवाज गेला! खोलीत इतकी छान शांतता पसरली, की मी स्वतःवर खूष झालो. चार महिने खूष होतो.

नवरात्राची सफाई

घटस्थापनेच्या आधीची घराची सफाई चालू होती. पाऊस पुरता गेला नव्हता, हवेत ओल होती. सौ. त्या खोलीत ओल्या फडक्याने पुसत होत्या. संगणक त्यांनी बाजूला काढून ठेवला, अँप्लिफायर पुढे ओढला. अँप्लिफायर बंद होता, पण भिंतीवरचं बटण चालूच होतं. त्यांच्या हाताची मागची बाजू अँप्लिफायरच्या पत्र्याला लागली आणि त्या मागे फेकल्या गेल्या.

मी खाली दवाखान्यात होतो. आवाज ऐकून वर धावलो. त्या गादीवर बसलेल्या होत्या, चेहरा पांढराफटक, उजवा हात डाव्या हातात धरलेला. मी आधी बोर्डाचं बटण बंद केलं, मग नाडी पाहिली. खालून मशीन आणून ईसीजी काढला. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण बायकोच्या छातीवर ईसीजीचे कप लावताना माझे हात पहिल्यांदाच थरथरले. ईसीजी सुदैवाने नॉर्मल आला. मग त्यांनी विचारलं, "अहो, बंद असलेल्या मशीनचा शॉक कसा बसला?"

मी प्लग उघडून दाखवला. हिरवी वायर, तिच्यावर माझ्या हाताने गुंडाळलेली काळी टेप.

"म्हणजे तो आवाज येऊ नये म्हणून?" एवढंच त्या म्हणाल्या.

आमचे वायरमनकाका संध्याकाळी आले. त्यांनी अँप्लिफायर तपासला. जुना, सेकंडहँड घेतलेला. विजेची केबल पत्र्याच्या पेटीत जिथून आत जाते, तिथलं रबर तडकलेलं होतं. ओढाताणीत आतली फेजची तार पेटीला टेकली. ही जागा मशीनच्या बटणाच्या अलीकडची, त्यामुळे मशीन बंद असूनही पूर्ण पेटी जिवंत झाली. अर्थची वायर जागेवर असती तर वीज तिच्यातून जमिनीत गेली असती. मी ती काढली होती. तोपर्यंत संगणकाला जोडलेल्या सिग्नलच्या वायरीतून चोरवाटेने थोडं अर्थिंग मिळत होतं, तेही सफाईसाठी संगणक काढल्यावर सुटलं.

काका माझ्या वडिलांच्या काळापासूनचे. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पेशंटचं दुखणं थांबावं म्हणून तुम्ही नस कापता का?"

त्यांचं बरोबर होतं. पोटात दुखतंय म्हणून वेदनाशामक गोळ्या घेत राहायच्या आणि आत अपेंडिक्स फुटायचं, त्यातलाच हा प्रकार. मी लक्षण घालवलं होतं. आजार तसाच होता, आणि वरून संरक्षणही काढून टाकलं होतं.

शॉक बसतो म्हणजे शरीरात काय होतं?

आपण व्होल्टबद्दल बोलतो, पण इजा किती होणार हे ठरतं शरीरातून किती प्रवाह गेला, कुठून गेला आणि किती वेळ गेला यावर. घरातल्या विजेसाठी ढोबळ आकडे असे:

- १ मिलीअँपिअरच्या आसपास: मुंग्या येतात.
- १० मिलीअँपिअरच्या पुढे: स्नायू आवळले जातात. हाताची मूठ वळवणारे स्नायू उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान, म्हणून पकडलेली वस्तू सोडता येत नाही. "विजेने चिकटवून ठेवलं" म्हणतात ते हेच.
- २० ते ३० च्या पुढे: छातीचे स्नायू आवळून श्वास घेणं कठीण होतं.
- ५० ते १०० च्या पुढे, थोडा वेळ जरी टिकला तरी: हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरू लागतं. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय रक्त पुढे ढकलत नाही आणि काही सेकंदांत माणूस बेशुद्ध होतो.

आता हिशोब करा. कातडी ओली असेल तर शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्ट भागिले १००० ओहम, म्हणजे २३० मिलीअँपिअर. जीव जायला पुरेसे.

मग सौ. वाचल्या कशा? दोन गोष्टींमुळे. एक, हाताची मागची बाजू लागली. स्नायू आवळले गेल्यावर हात वस्तूपासून दूर ओढला गेला. त्यांनी तळहाताने पेटी धरली असती तर मूठ तिथेच घट्ट झाली असती. दुसरं, टाचदुखीसाठी मी त्यांना घरात मऊ रबरी चपला वापरायला सांगितलं होतं. त्या रोज कुरकुर करत वापरत. खाली शहाबादी फरशी, नुकतीच पुसलेली. अनवाणी असत्या तर मी आज हा लेख लिहीत नसतो.

एमडी करताना मराठवाड्यात होतो, तेव्हा दर मे महिन्यात कूलरचा शॉक बसलेले रुग्ण यायचे. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, टू-पिनचा प्लग. एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा कूलरमध्ये पाणी भरताना चिकटला. आणलं तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्याच्या वडिलांना बाहेर येऊन मी सांगितलं होतं. माझ्या खोलीतला अँप्लिफायर आणि तो कूलर यांत त्या चार महिन्यांत काहीही फरक नव्हता. तरी मला तो मुलगा आठवला नाही. ज्ञान दवाखान्यात ठेवून आपण घरी येतो, हे असं.

एमसीबी आहे की! मग?

हा प्रश्न बरेच जण विचारतात. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी म्हणजे १६,००० मिलीअँपिअर. तुमच्या शरीरातून २३० गेले तर त्याला पत्ताही लागत नाही.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. त्याचं काम वॉर्डमधल्या इनटेक-आऊटपुट चार्टसारखं आहे. फेजमधून किती वीज गेली आणि न्यूट्रलमधून किती परत आली, हे तो सतत ताडून पाहतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला तर सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या आत लाइन तोडतो. कुठेतरी गळती आहे, बहुधा कुणाच्या तरी शरीरातून, असं तो धरून चालतो.

मग आरसीसीबी असला तर अर्थिंग कशाला? अर्थिंग असेल तर पेटीत वीज उतरल्याक्षणी ती जमिनीत जाते आणि आरसीसीबी पडतो. कुणी हात लावायच्या आधीच. अर्थिंग नसेल तर गळतीची वाट व्हायला कुणाच्या तरी शरीराची वाट पाहिली जाते. आमच्या वरच्या मजल्याला तेव्हा आरसीसीबी नव्हताच. जुना फ्यूजचा बोर्ड होता.

एक मर्यादा लक्षात ठेवा. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलं तर आरसीसीबीला तुम्ही साधा बल्ब वाटता. तिथे तो वाचवू शकत नाही.

मग खोलीचं वायरिंग कसं केलं?

काकांनी भिंतीला झिऱ्या मारल्या, मी आठ दिवस धूळ खाल्ली. गाणं ऐकायची खोली करणार असाल, तर रंग द्यायच्या आधी हे वाचा.

१. गाण्याच्या उपकरणांसाठी वेगळी लाइन. मुख्य डीबीपासून थेट, मध्ये दुसरं काही नाही. २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ अँपिअरचा एमसीबी. १६ गुणिले २३० म्हणजे सुमारे ३,६८० वॉट. घरगुती अँप्लिफायर, प्लेअर, संगणक मिळून याच्या जवळपासही जात नाहीत. एसीची लाइन वेगळी आणि तिला जाड वायर. दिवे-पंख्याची तिसरी.

२. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर. माझ्या घुंऽऽचं खरं कारण हेच होतं. अँप्लिफायर एका भिंतीवर, संगणक दुसऱ्या भिंतीवरच्या वेगळ्या लाइनवर, आणि दोघांना जोडणारी सिग्नलची वायर. अर्थला दोन वाटा मिळाल्या, त्यांचं एक कडं तयार झालं आणि त्यातून फिरणारा ५० हर्ट्‌झचा प्रवाह गाण्यात मिसळला. याला ग्राउंड लूप म्हणतात. सगळं एका बोर्डावर आणलं, अर्थची वायर परत जोडली, आणि आवाज गेला. तरीही राहिला तर सिग्नलच्या वायरीत बसवायचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मिळतो. इलाज सिग्नलच्या बाजूने करा, अर्थच्या नाही.

३. रेकॉर्ड प्लेअरची बारीक अर्थ वायर अँप्लिफायरच्या मागच्या स्क्रूला जोडलेली आहे ना पाहा. ती सुटली तरी असाच आवाज येतो. ती वेगळी आणि प्लगमधली अर्थ वेगळी.

४. तिसऱ्या भोकात खरंच अर्थ आहे का? काकांनी वरच्या मजल्यावरचे सॉकेट उघडले, तेव्हा एकात तिसरं भोक नुसतं शोभेचं निघालं. मागे वायरच नव्हती. प्रत्येक सॉकेट तपासून घ्या. अर्थचं भोक वर धरून समोरून पाहिलं तर फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे हवं. अर्थिंगचा खड्डा अर्थ टेस्टरने मोजून घ्या, आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालायला विसरू नका. कोरड्या मातीत वीज नीट उतरत नाही.

५. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी सगळ्या घराला. इन्व्हर्टरवरची लाइनही त्याच्या संरक्षणात आहे ना, हे मुद्दाम विचारा. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर स्पीकर आणि पंखे दोन्ही गुरगुरतात.

६. विजेच्या आणि सिग्नलच्या वायरी एका पाइपमधून नेऊ नका. दोन्हींत फूटभर अंतर ठेवा. एकमेकींना ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. दिव्यांना डिमर लावणार असाल तर तोही गाण्याच्या लाइनवर नको, त्याची खरखर येते.

७. टू-पिनचं काय? काही उपकरणं मुळातच दुहेरी आवरणाची असतात. त्यांच्यावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्यांना अर्थ लागत नाही. पण जे यंत्र थ्री-पिन घेऊन आलं, ते थ्री-पिनच राहू द्या.

महागड्या केबलचं काय?

अँप्लिफायरची विजेची केबल बदलली की गाणं "खुलतं" म्हणणारे भेटतात. एका मित्राने तशी केबल वापरून पाहायला दिली. तिच्या किमतीत आमच्या अख्ख्या घराला आरसीसीबी बसून वर पैसे उरले असते. मी म्हटलं, औषध तपासतो तशी हीही तपासू. मुलगी सुट्टीला आली होती. मी खोलीबाहेर जायचं, तिने नाणं उडवून साधी किंवा भारी केबल लावायची, वर कापड टाकायचं, मी आत येऊन ऐकून कागदावर लिहायचं. दहा वेळा केलं. पाच बरोबर, पाच चूक. तिच्या हातातलं नाणं तेवढंच बरोबर आलं असतं. तुम्हाला फरक जाणवत असेल तर वाद नाही. पण आधी आरसीसीबीवर खर्च करा, मग केबलवर.

कुणाला शॉक बसला तर

- आधी वीज बंद करा, मेन स्विच किंवा प्लगचं बटण. तोपर्यंत त्या व्यक्तीला हात लावू नका. बंद करणं शक्यच नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने दूर करा. ओली काठी, लोखंडी सळई नाही.
- व्यक्ती प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा आणि लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. मदत येईपर्यंत थांबू नका. पायाला माती चोळणं, तोंडावर पाणी मारणं, यात मिनिटं जातात आणि ती मिनिटंच महत्त्वाची असतात.
- बेशुद्धी, छातीत दुखणं, धडधड, भाजल्याची खूण, काळपट लघवी, किंवा गर्भवती स्त्रीला बसलेला शॉक: रुग्णालयात गेलंच पाहिजे. भाजल्याची खूण बाहेरून लहान दिसते, आत इजा खोल असू शकते.
- काहीच त्रास नसला तरी एकदा डॉक्टरांना दाखवून ईसीजी काढून घ्या.

शेवटी

आरसीसीबीवर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं छोटं बटण असतं. ते दाबल्यावर लाइन पडली पाहिजे. पडली नाही, तर तो आरसीसीबी बदलायचा. आमच्याकडे दर महिन्याच्या एक तारखेला सौ. ते दाबतात. हे काम त्यांनी माझ्याकडे सोपवलेलं नाही, आणि मी मागितलेलंही नाही.

आता खोलीत घुंऽऽ नाही. रेकॉर्डची थोडी खरखर आहे, ती वडिलांच्या वेळेपासूनची. संध्याकाळी दवाखाना आटोपून मी वर जातो, सौ. चहा घेऊन येतात, रबरी चपलांसकट. चपलांवरून पूर्वी मीच आग्रह करायचो. आता त्या स्वतः म्हणतात, "असू द्यात."

तुमच्या घरात आज दोनच गोष्टी पाहा. आरसीसीबी आहे का, आणि कुठल्या प्लगची अर्थची पिन कुणी काढली आहे का. जाड पिन सॉकेटात जात नाही म्हणून, टू-पिनचं भोकच होतं म्हणून, किंवा माझ्यासारखी, आवाज येत होता म्हणून. सापडली तर आजच लावून घ्या.